शेवटच्या बाकापर्यंत

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी घड्याळांच्या कारखान्यातून फोन आला. साहेब स्वतः बोलत होते.

"तुमच्या वडिलांनी आमच्या जुळणीच्या हॉलचा फोटो काढायचं कबूल केलं होतं. आता ते नाहीत, म्हणून आम्ही दुसरी सोय केली आहे. तुम्हाला आपलं कळवावं म्हणून. मागाहून वाईट वाटायला नको."

"सोय कुणाची?"

"आमच्या प्रसिद्धी विभागातलेच आहेत. नवा फोन आहे त्यांच्याकडे, दोनशे मेगापिक्सेलचा. तुमचे नातेवाईक आहेत म्हणे."

ते नातेवाईक म्हणजे माझा मामेभाऊ. उंची सहा फूट एक इंच. घरात त्याला सगळे बटू म्हणतात.

मी साहेबांना म्हटलं, "फोटो मी काढीन. बाबांच्या कॅमेऱ्याने."

"तो किती मेगापिक्सेलचा?"

"चोवीस."

मग ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "अहो, भिंत बारा फुटांची आहे."

त्या हॉलमध्ये सदतीस माणसं हाताने घड्याळं जुळवत. शनिवारी तो कायमचा बंद होणार होता. बाकं उचलून नव्या इमारतीत जायची होती. नव्या इमारतीत शिरल्याबरोबर समोर जी भिंत लागते, तिच्यावर जुन्या हॉलचा फोटो लावायचा होता, माणसांसकट आणि कामासकट. शनिवारनंतर तो फोटो काढायला हॉलच उरणार नव्हता.

बाबांनी तो हॉल वीस वर्षांपूर्वीही एकदा टिपला होता. आई तेव्हा तिथेच, तिसऱ्या बाकावर काम करायची. त्या फोटोत आई सुरेख आली आहे, पण मागची दोन बाकं सगळी धूसर. अगदी शेवटच्या बाकावर एक बाई बसतात, त्यांना सगळा कारखाना मावशी म्हणतो. त्या फोटोत मावशींच्या जागी एक पांढरट डाग आहे. पुढे बाबा जिथे भेटतील तिथे मावशी त्यांना ऐकवायच्या, "काय हो फोटोवाले, बायको तेवढी दिसली वाटतं त्या दिवशी?" बाबा हसायचे, पण घरी आल्यावर गप्प असायचे. गेल्या वर्षी हे काम आलं तेव्हा त्यांनी आईला सांगितलं होतं, "या वेळी शेवटच्या बाकापर्यंत."

मला ते पुरं करायचं होतं. मला तेवढंच हवं होतं, आणि ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना मी एवढंच म्हटलं, "दोघांनाही काढू द्या. शेवटच्या दोन बाकांचा तुकडा भिंतीवर येईल त्याच मापाने छापून घ्या आणि शेजारीशेजारी लावा. ज्यात मावशी ओळखू येतील तो फोटो घ्या."

साहेब मूळचे हिशेबी माणूस, त्यांना पडताळणी आवडते. म्हणाले, "शुक्रवारी चहाच्या सुट्टीनंतर अर्धा तास. त्याच्यापुढे एक मिनिट नाही."

संध्याकाळी बटू घरी आला. दारातच म्हणाला, "ताई, तुझ्याशी भांडायला नाही आलो. आत्याला बघायला आलोय."

आई आतल्या खोलीत होती. चार महिन्यांत ती गच्चीच्या पलीकडे गेली नव्हती. बटू तिच्याजवळ थोडा बसला, मग स्वयंपाकघरात येऊन त्याने फोन ओट्यावर ठेवला आणि एक फोटो मोठा करत करत नेला. समुद्रकाठचा रस्ता, त्यावर घर, घराच्या खिडकीत कुंडी, कुंडीवर किमतीची चिठ्ठी.

"वाच," तो म्हणाला. चिठ्ठी वाचता येत होती.

"छान आहे," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. "भर उन्हात तुझा फोन माझ्या कॅमेऱ्याला पाणी पाजेल. लिहून देते."

"मग हट्ट कशाला?"

"त्या हॉलच्या खिडक्या धूळ येऊ नये म्हणून कायमच्या बंद आहेत. तिथे ऊन कधी गेलेलंच नाही. फक्त बाकावरचे दिवे, तेही हातांवर. तुझ्या फोनमधला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा; बाबांच्या कॅमेऱ्यातला त्याच्या कितीतरी पट. त्या नखावर दोनशे मेगापिक्सेल, म्हणजे वीस कोटी ठिपके बसवलेत. एकेकाच्या वाट्याला उजेड येणार किती?"

"पण दोनशे ते दोनशेच ना?"

"एका रुमालाचे दोनशे तुकडे केलेस, तर तुकडे दोनशे होतील. चादर नाही होणार."

"आणि तुझी चादर चोवीसच तुकड्यांची?"

"हो. पण ती अंगभर पुरते."

बटू खदखदून हसला. आतून आईचा आवाज आला, "काय चाललंय रे?" चार महिन्यांत तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. बटू मोठ्याने म्हणाला, "आत्या, तुझी मुलगी माझ्या फोनला रुमाल म्हणतेय!"

शुक्रवारी मी निघाले तेव्हा आई चपला घालून दारात उभी होती. मी तिवई तिच्या हातात दिली आणि दाराला कुलूप लावलं.

हॉलमध्ये शिरण्यापूर्वी पांढरा डगला आणि टोपी घालावी लागते. कॅमेरा, भिंग, तिवई, सगळं ओल्या फडक्याने पुसून आत न्यायचं. बाहेरचे मोठे दिवे न्यायला परवानगी नाही, कारण ते तापतात आणि धूळ उडवतात. फ्लॅशचाही उपयोग नाही. प्रत्येक बाकावर काचेची झाकणं असतात आणि त्या सगळ्या काचांत फ्लॅश उमटतो. बाबांनी हे सगळं गेल्या वर्षी पाहून ठेवलं होतं. त्यांच्या वहीत हॉलची आकृती होती, बाकांची अंतरं होती, उजेडाची मापं होती. पुढचं पान कोरं होतं.

आईला पाहून माणसं उठली. "अक्का आल्या!" असा गलका झाला. मावशी शेवटच्या बाकावरून ओरडल्या, "अक्का, लेकीला सांगा, या वेळी मला माणसांत घ्या म्हणावं!"

आधी बटूची पाळी. तो स्टुलावर चढला तसा एकजण म्हणाला, "तुला स्टूल कशाला रे? छताला टेकशील." बटूने दोन्ही हातांत फोन धरला, दोन-तीन फोटो काढले आणि पडदा साहेबांसमोर धरला. पाच मिनिटांत काम फत्ते. पडद्यावर सगळा हॉल लखलखत होता, पहिलं बाक आणि शेवटचं बाक सारखंच. बघायला गर्दी झाली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी राहिले. उजेड कमी, म्हणून भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं, नेम पुढच्या बाकांवर धरला आणि पहिला फोटो घेतला. साहेबांनी तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. पहिल्या दोन बाकांवरच्या माणसांच्या पापण्या मोजाव्यात इतकं स्वच्छ. तिसरं बाक मऊ. शेवटच्या बाकावर मावशींच्या जागी पांढरट डाग.

"अरेच्चा," साहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं हे दिसत होतं, म्हणून मला जास्त लागलं.

बाबांची वीस वर्षांपूर्वीची चूक मी जशीच्या तशी पुन्हा केली होती. मोठ्या कॅमेऱ्याचं हे दुखणंच आहे. भिंगाचं तोंड जितकं उघडावं तितका उजेड जास्त, पण स्पष्ट दिसणारा पट्टा तितका अरुंद. फोनच्या एवढ्याशा भिंगाला पुढचं-मागचं सगळं जवळपास सारखंच, त्यामुळे तो असा फसतच नाही. हे मला पाठ होतं. पण साहेब शेजारी उभे होते, बटूच्या टाळ्या कानात होत्या, आणि हाताने घाई केली.

"ताई, अजून वीस मिनिटं आहेत," बटू हळूच म्हणाला.

मी तिवई लावली. तोंड बारीक केलं, इतकं की पहिल्या बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं त्या पट्ट्यात यावं. आता उजेड इतका थोडा आत येणार होता की फोटो घ्यायला पूर्ण एक सेकंद लागणार होता. त्या सेकंदात जो हलेल तो पुसला जाणार.

"सगळ्यांनी माझ्याकडे बघा," मी म्हटलं, "आणि एक सेकंद अजिबात हलू नका."

"एक सेकंद म्हणजे किती, ते या आम्हाला सांगणार!" पहिल्या बाकावरचे एक काका म्हणाले. सदतीस घड्याळजी हसले. मी फोटो घेतला आणि त्यात सदतीस हसरे डाग आले.

दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही, पण न हलायचं ठरवल्यावर माणूस जितका हलतो तितका एरवी हलत नाही. कुणी आवंढा गिळला, कुणाची मान ताठ होता होता डुलली, कुणी माझं झालं का ते बघायला डोकावलं. तिसऱ्यांदा एकाला शिंक आली. चौथ्यांदा सगळे इतके ताणून बसले होते की चेहरे ओळखू येईनात. वरात अडवून उभ्या राहिलेल्या पोलिसांसारखे दिसत होते सगळे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ज्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास घड्याळं होती तिथे ते मनगटावरचं घड्याळ बघत होते.

आई इतका वेळ तिसऱ्या बाकाशी उभी होती. बाकाच्या कडेवर तिने हात ठेवला होता. तिने मला खुणेने बोलावलं.

"तू त्यांना बसायला सांगतेस," ती म्हणाली. "त्यांना बसता येत नाही. त्यांना काम दे."

"कामात माना खाली असतात आई. टोप्याच दिसतील सगळ्यांच्या."

"ऐकताना नसतात."

मला कळलं नाही. तिने बाकावरचं एक जुळवलेलं घड्याळ उचललं, कानाशी नेलं, आणि हनुवटी वर करून समोर बघत राहिली. बघत म्हणजे कशाकडेही नाही. तिचा श्वास थांबला होता. डोळ्याची पापणीही लवत नव्हती. मी लहानपणापासून तिला घरात असं करताना पाहिलं आहे, भिंतीवरच्या घड्याळापाशी, शेजाऱ्यांनी दुरुस्तीला आणून दिलेल्या गजराच्या डब्यापाशी. आता तपासणीला यंत्र आहे, पण या हॉलमध्ये घड्याळ पुढच्या बाकाकडे देण्याआधी अजून प्रत्येकजण ते एकदा कानाला लावतोच. साहेबांनी दोनदा परिपत्रक काढूनही ती सवय गेली नव्हती.

"किती वेळ असं राहतात?" मी विचारलं.

"पाच ठोके तरी. ठोका एकसारखा आहे ना, ते कळेपर्यंत."

पाच ठोके म्हणजे त्यांच्या घड्याळात एक सेकंद.

मी शिडीवर परत गेले. आई हॉलच्या मधोमध उभी राहिली. साठीतली, काटकुळी, कुणाचा तरी मोठा डगला घातलेली. ती बोलली तो आवाज मी चार महिन्यांत ऐकला नव्हता.

"हातातलं पुरं करा. पुरं झालेलं उचला."

माना खाली गेल्या. चिमटे हलले. शेवटच्या बाकावर मावशी अजून बोलत होत्या. आईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. मग ती माझ्या चौकटीतून बाजूला सरली आणि म्हणाली,

"ऐका."

सदतीस हात वर गेले. सदतीस चेहरे उचलले गेले. सगळ्या हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. इतक्या माणसांची अशी शांतता मी कधी पाहिली नव्हती; ती कुणी पाळलेली नव्हती, ती त्यांच्या हाताची सवय होती. मी कळ दाबली. कॅमेऱ्याच्या आतला पडदा उघडल्याचा आवाज आला, आणि एका सेकंदाने मिटल्याचा.

"पुन्हा," मी म्हटलं.

"पुढचं उचला," आई म्हणाली. "ऐका."

तीन वेळा घेतला. साहेबांनी पडद्यावर पाहायला मागितला, तर मी नाही म्हटलं. हे बोलताना आवाज माझा होता पण धीटपणा कुणाचा होता कोण जाणे. "पडद्यावर सगळेच फोटो चांगले दिसतात. उद्या कागदावर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जेवणाच्या खोलीत दोन पट्ट्या लागल्या. दोन्ही सारख्याच मापाच्या: शेवटची दोन बाकं, भिंतीवर जेवढी येतील तेवढी. छापखान्याला नावं दिली नव्हती, नुसतं एक आणि दोन. सगळा हॉल जमला. साहेब सगळ्यांच्या पुढे हात मागे बांधून उभे.

एक नंबरात माणसं मेणाची होती. फोनला काळोखात जे दिसलं नव्हतं ते त्याने आपल्या मनाने घासूनपुसून सजवलं होतं. सुरकुत्या गेल्या होत्या, भुवया रंगवल्यासारख्या, चष्म्याची दांडी गालात विरघळली होती. चेहरे वाईट नव्हते. कुणाचेही असू शकले असते, एवढंच.

बटू माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, रात्री मी फाईल उघडून पाहिली. बारा म्हणतेय."

"बारा काय?"

"मेगापिक्सेल. उजेड कमी पडला की फोन आपला आपणच सोळा-सोळा ठिपक्यांचा एक ठिपका करतो म्हणे. दोनशेचे बारा. न जोडता काढलेला एक होता, तो बघितला, तर नुसती वाळू. मला खोक्यावर कुणी सांगितलं नाही हे."

"खोक्यावर मोठे आकडेच लिहितात."

"तू रुमाल म्हणालीस ते फार झोंबलं होतं मला," तो म्हणाला. "आता बरोबर वाटतंय, म्हणून जास्त झोंबतंय."

मावशी गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी एक नंबरावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "ही कोण बाई माझ्या जागेवर बसलीये?" मग त्या दोन नंबरासमोर गेल्या.

दोन नंबरात शेवटच्या बाकावर एक बाई घड्याळ कानाला लावून बसली होती. टोपीतून सुटलेली पांढरी बट, किंचित वाकडं नाक, कपाळावर दोन उभ्या रेघा, आणि डोळ्यांत ऐकणं. अगदी नाक लावून पाहिलं तर ठिपके दिसत होते, पण चार पावलांवरून ती बाई जिवंत होती.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि कारखान्यात हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या कपाळाला, दोन भुवयांच्या मध्ये, बोट लावून पाहिलं. "ही मी," त्या म्हणाल्या. "साहेब, दुसरं काही बघायचं राहिलं नाही. ही मी."

साहेबांनी हात सोडले. "दोन नंबर," ते म्हणाले. त्यावर जो आरडाओरडा झाला त्यात बटूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

नंतर कचेरीत साहेबांनी विचारलं, फोटोखाली नाव काय टाकायचं. उत्तर मी त्यांचा पहिला फोन आला तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं, म्हणून लगेच बाबांचं नाव सांगितलं. आई शेजारच्या खुर्चीत होती.

"नाही," ती म्हणाली.

"आई, हे त्यांचं काम होतं."

"होतं. त्यांच्या हातून झालं नाही. झालं असतं तर त्यांनी दहा जणांना बोलावून दाखवलं असतं." ती साहेबांकडे वळली. "हिचं नाव टाका. आणि खाली बाबांचा कॅमेरा-बिमेरा काही लिहू नका. फोटो माणूस काढतो."

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती साहेबांना नावातलं एक अक्षर नीट समजावून सांगत होती.

नव्या इमारतीत फोटो लागला त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बारा फूट. दारातून आत येणारा प्रत्येकजण आधी थबकायचा, मग न कळत आवाज खाली आणायचा, ऐकणाऱ्यांना त्रास होऊ नये तसा. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ चष्मा वर करून फोटोला नाक टेकवून उभे होते. "जवळून ठिपके दिसतात हो," ते म्हणाले. "किती मेगापिक्सेल?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढे झाल्या. आज त्यांनी डगला घातला नव्हता, चांगली इस्त्रीची साडी होती, आणि सोबत दोन सुना आणि एक जावई होते. त्यांनी त्या गृहस्थांचा कोपर धरला आणि त्यांना एक, दोन, तीन, चार पावलं मागे नेलं.

"इथे उभे राहा," मावशी म्हणाल्या. "आता बघा. ती शेवटच्या बाकावरची दिसतेय? दिसतेय ना? मग झालं तर. मोजताय काय?"